कँडी की माहजाँग: फोनवर कुठली जुळवाजुळव बरी?

तीन कँड्या ओळीत आणून फोडायच्या, की माहजाँग सॉलिटेअरमध्ये सारख्या दोन टाइल शोधून उचलायच्या? दोन्ही फुकट, दोन्ही बसल्या बसल्या खेळता येतात. मी दोन्ही भरपूर खेळलोय आणि आता फोनमध्ये एकच ठेवलाय.

कँडीची बाजू कमकुवत नाही. २०१२ साली कँडी क्रश आला आणि ज्यांनी कधी गेमला हात लावला नव्हता अशी माणसंही खेळायला लागली, ते उगाच नाही. चार एका ओळीत आल्या की पट्ट्यांची कँडी, पाच आल्या की रंगीत बॉम्ब, आणि या दोघांची अदलाबदल जमली की बोर्डभर धडाधड फुटाफूट. हा आनंद माहजाँगमध्ये नाही. पाच मिनिटांत एखादी लेव्हल उरकते, हेही खरं.

माझं मन उडालं ते लेव्हलच्या शेवटी. कोपऱ्यात एक जेली (कँडीखालचा, फोडून साफ करायचा थर) शिल्लक, मूव्ह संपलेल्या, आणि स्क्रीनवर विचारणा: आणखी पाच मूव्ह हव्यात का? या जातीचे बरेच गेम हे करतात. पैसे मागतात याचा राग नाही, त्यांचाही धंदा आहे. पण आपण हरलो कशामुळे, ते कळतच नाही. वरून कुठला रंग पडणार हे आपल्या हातात नसतं, त्यामुळे तीच लेव्हल परत खेळताना मागच्या वेळचं शहाणपण फारसं उपयोगी पडत नाही. त्यात पाचही लाइफ संपल्या की बहुतेक ठिकाणी एक परत मिळायला अर्धा तास थांबा.

माहजाँगमध्ये अडकलो तर कारण सापडतं. टाइल १४४, आणि फुलं व ऋतू सोडले तर प्रत्येक चित्राच्या बरोब्बर चार. चारही मोकळ्या, म्हणजे वर काही नाही आणि डावी किंवा उजवी बाजू उघडी, अशा दिसल्या तर डोळे झाकून उचलाव्यात. तीन मोकळ्या असतील तर खरा विचार: कुठली जोडी उचलली की खालचं जास्त उघडेल, आणि चौथी नेमकी कुणाखाली दबली असेल? इथे घाई केली की डाव शेवटी अडतो. मग अनडू करत मागे जायचं. कुठली जोडी चुकीची उचलली ते समोर दिसतं. डाव अर्धा टाकून स्टेशनवर उतरलो तरी तो तसाच थांबून राहतो.

खोट आहे ती डोळ्यांना. सगळा कासवाचा डाव (टाइलची नेहमीची, कासवासारखी दिसणारी रचलेली मांडणी) फोनच्या स्क्रीनवर बसवला की सात बांबूंची आणि आठ बांबूंची टाइल वेगळी ओळखताना चाळिशीवाल्यांचा कस लागतो. ज्यांना बारीक बघायचा त्रास आहे त्यांना कदाचित कँडीच बरी वाटेल. जाहिराती दोन्हीकडे आहेत. माझ्या अनुभवात डेटा बंद केला की माहजाँगमधल्या बऱ्याच कमी होतात.

माहजाँग घेणार असाल तर मोठ्या टाइलचा पर्याय आहे ना ते बघा आणि फोन आडवा धरून खेळा. खाली सात घरांची पट्टी आणि तीन-तीन जमवायला सांगत असेल, तर नाव काहीही असो, तो हा खेळ नव्हे. तिथे पट्टी भरली की पुन्हा तीच विचारणा येते.