ऑप्टिप्लेक्स ७०६०: मायक्रो घेऊ की एसएफएफ?

भाचा दोन दिवस हेच विचारतोय. ऑप्टिप्लेक्स ७०६० म्हणजे डेलचा डेस्कटॉप कॉम्प्युटर, मायक्रो हा त्यातला सगळ्यात छोटा डबा, एसएफएफ (स्मॉल फॉर्म फॅक्टर) त्याहून मोठा. दोन्ही सेकंडहँड, दोन्हीत इंटेलचा ८व्या जनरेशनचा प्रोसेसर म्हणजे विंडोज ११ रीतसर चालतं, मग फरक काय. दुकानदार दोन्हीला 'एकदम फास्ट' म्हणणार, ते सोडून दे.

वेग बघ. मायक्रोत बहुतेक वेळा आय५-८५००टी प्रोसेसर असतो, ३५ वॉटचा, एसएफएफमध्ये साधा ८५००, ६५ वॉटचा. कोर दोन्हीत ६च. एक्सेल, क्रोम, झूम यात तुला काही कळणार नाही, पण व्हिडिओ एक्स्पोर्ट लावलास की ८५००टी मागे पडतो.

जागा आणि आवाज यात मायक्रोच भारी, मॉनिटरच्या मागे अडकवला की टेबल मोकळं. पण त्याची वीट वेगळी येते, लॅपटॉपसारखा ॲडॉप्टर, आणि सेकंडहँड घेताना तोच ओरिजिनल आहे का ते आधी बघायचं, कारण भलताच लावला तर मशीन कुरकुरतं, स्लो चालतं.

खरा फरक पुढे वाढवायचं म्हटलं की दिसतो. मायक्रोत रॅमचे दोन स्लॉट, तेही लॅपटॉपवाले, आणि ग्राफिक्स कार्ड विसर. एसएफएफमध्ये चार स्लॉट, मोठी ३.५ इंची हार्डडिस्क बसते, लो प्रोफाइल म्हणजे कमी उंचीचं ग्राफिक्स कार्डही बसतं, फक्त वेगळी पॉवर केबल न लागणारं. पॉवर सप्लाय मात्र डेलच्याच मापाचा, गेला तर कुठलाही आणून बसत नाही.

अभ्यास, ऑफिसचं काम, बारकी खोली असेल तर मायक्रो. एडिटिंग, थोडंफार गेमिंग किंवा फोटोंचा साठा असेल तर एसएफएफ.