गणपती ते श्रावण : फुगवायचं तारांगण वापरून पाहिल्यावर

देवगड तालुक्यातल्या आमच्या हायस्कूलच्या माजी विद्यार्थी मंडळाने, म्हणजे बहुतेक मुंबईकर चाकरमान्यांनी, गेल्या गणपतीत वर्गणी काढून शाळेला एक फुगवायचं तारांगण घेऊन दिलं. मी विज्ञान शिकवतो, त्यामुळे ते आपसूक माझ्या गळ्यात पडलं. आता श्रावण चालू आहे. मधल्या काळात आमच्या शाळेत, आजूबाजूच्या जिल्हा परिषद शाळांत आणि दोन-तीन जत्रांतही ते लावून झालं. इतर शाळा, वाचनालयं विचारत असतात की घ्यावं का. त्यांच्यासाठी हे लिहितोय. विकणाऱ्याचं नाव देत नाही. तंबू एकाने शिवलेला, प्रोजेक्टर दुसऱ्याचा, भिंग तिसऱ्याचं असा हा प्रकार असतो, त्यामुळे नावाने तसाही काही उलगडा होत नाही.

वस्तू काय आहे ते आधी. पाच मीटर व्यासाचा, आतून पांढरा-राखाडी आणि बाहेरून काळा असा कापडी घुमट. ब्लोअर सतत हवा भरत राहतो आणि त्या दाबावरच घुमट उभा राहतो, आत एकही काठी नाही. सरपटत शिरायला एक बोगदा. मध्यभागी प्रोजेक्टर, त्यावर फिशआय भिंग, म्हणजे चित्र सगळ्या बाजूंनी क्षितिजापर्यंत पसरतं. सतरंजीवर पंचवीस-तीस पोरं दाटीवाटीने मावतात. लॅपटॉपवर स्टेलॅरियम नावाचं, कुठल्याही जागेचं आणि वेळेचं आकाश दाखवणारं मोफत सॉफ्टवेअर, शिवाय घुमटासाठी बनवलेल्या फिल्म्स.

भिंगाऐवजी बहिर्गोल आरसा वापरायची एक स्वस्त पद्धतही आहे. ऑस्ट्रेलियातल्या पॉल बर्क यांनी ती वीसेक वर्षांपूर्वी बसवली. प्रोजेक्टर कडेला ठेवायचा, सॉफ्टवेअरने आधीच वेडंवाकडं केलेलं चित्र आरशावर टाकायचं, ते घुमटावर सरळ उमटतं. मधली जागा मोकळी राहते हा मोठाच फायदा. पण त्या आरशाचा मुलामा काचेच्या पुढच्या बाजूला असतो. खाडीकाठच्या खाऱ्या हवेत तो किती टिकेल याचा विचार करून आम्ही भिंगच घेतलं. देशावरच्या शाळांनी आरशाचा विचार जरूर करावा.

आता फिल्म्स. घेताना सगळ्यांचा जीव फिल्म्सवरच होता. वर्गणीदारांपैकी बरेच जण लहानपणी वरळीच्या नेहरू तारांगणात गेलेले (ते 1977 पासून आहे), काहींनी वडाळ्याच्या आयमॅक्सचा घुमटाकार पडदा पाहिलेला. तसंच काहीतरी गावातल्या पोरांना मिळावं, ही त्यांची इच्छा. पहिल्या दिवशी तसं वाटलंही. डोक्यावरून देवमासा गेला तेव्हा पोरांनी जो आरडाओरडा केला तो रस्त्यापर्यंत ऐकू गेला.

पण महिन्या-दोन महिन्यांत फिल्म्सच्या मर्यादा डोळ्यांत खुपायला लागतात, आणि त्या पैसे टाकून पूर्ण जाणाऱ्या नाहीत. हिशोब सोपा आहे. आमचा प्रोजेक्टर 1920 बाय 1080 ठिपक्यांचा. गोल चित्र उंचीत बसवायचं म्हणजे वर्तुळाचा व्यास फक्त 1080 ठिपके. चौकटीतल्या निम्म्याहून जास्त ठिपक्यांचा, पर्यायाने प्रकाशाचा, काही उपयोग नाही. हे 1080 ठिपके पसरतात 180 अंशांत. एका अंशात सहा ठिपके. पूर्णचंद्र आकाशात अर्धा अंश भरतो, म्हणजे आमच्या घुमटात खऱ्या मापाचा चंद्र तीन ठिपक्यांचा! त्यावरचे डाग काय दिसणार, कपाळ? दुप्पट रिझोल्यूशनचा प्रोजेक्टर घेतला तरी सहा ठिपके. मोठ्या पडद्याच्या जुन्या आयमॅक्समध्ये 70 मिलिमीटरची फिल्म आडवी पळायची, एकेका चौकटीला 15 छिद्रं एवढी लांब, तेव्हा कुठे तो तपशील यायचा. 1973 साली अमेरिकेत सॅन डिएगोला घुमटावरचं आयमॅक्स पहिल्यांदा सुरू झालं ते या फिल्मच्या जोरावर. त्याची अपेक्षा शाळेच्या प्रोजेक्टरकडून करणं म्हणजे पडावाने गलबताचं काम करण्यासारखं आहे.

दुसरी गोष्ट विकणारा सांगत नाही. घुमटात प्रकाश स्वतःवरच सांडतो. डावीकडे उजेडाचं दृश्य आलं की त्याचा उजेड उजव्या भिंतीवर पडतो आणि तिथला काळोख राखाडी होतो. मोठ्या तारांगणांत म्हणूनच पडदा पांढराशुभ्र ठेवत नाहीत, मुद्दाम करडा रंगवतात. समुद्राखालच्या, बर्फाच्या, जंगलाच्या फिल्म्स आमच्याकडे धुवट दिसतात त्या यामुळे. काळ्या आकाशावर चार तारे असले की हाच घुमट एकदम देखणा होतो. हे लक्षात आलं तेव्हाच माझा कल फिरला.

तिसरी गोष्ट म्हणजे मळमळ. काही फिल्म्समध्ये कॅमेरा पाळण्यासारखा वरखाली होतो. डोळे म्हणतात आपण पडतोय, कान म्हणतात बसलोय, आणि नजर टेकवायला पडद्याची कडाही नाही. एका शाळेत सकाळी पोहे खाऊन आलेल्या दोन पोरांनी सतरंजीवरच कार्यक्रम केला. तेव्हापासून तसल्या फिल्म्स बंद. पोरं अजून मागतात, ते सोडा.

युरोपियन सदर्न ऑब्झर्वेटरीच्या संकेतस्थळावर घुमटाच्या चांगल्या फिल्म्स मोफत मिळतात, त्या मात्र ठेवल्यात. दुर्बिणींवरच्या, चिलीच्या वाळवंटातल्या. मी आवाज बंद करून स्वतः बोलतो.

खरी वस्तू आहे ती थेट आकाश. ज्या शोला तयार फिल्म नाही, फक्त लॅपटॉप आणि बोलणारा माणूस, तो. परदेशी फिल्ममध्ये ध्रुवतारा वर, जवळजवळ अर्ध्या आकाशात असतो, कारण ती तिकडच्या अक्षांशावर बेतलेली. देवगडचा अक्षांश साडेसोळाच्या आतबाहेर, म्हणून आमचा ध्रुव क्षितिजावरून सोळा अंशांवर, माडांच्या शेंड्यांत अडकलेला. फिल्म पाहून पोरगं घरी जाऊन ध्रुव शोधायला लागलं तर भलतीकडेच बघणार. स्टेलॅरियममध्ये देवगड टाकलं, आजची तारीख आणि रात्री आठची वेळ टाकली की जे घुमटात दिसतं तेच रात्री खळ्यात उभं राहून दिसतं. सहावीतल्या एकीने विचारलं, "सर, ह्यो तारो आमच्या घराकडसून दिसतलो?" फिल्मनंतर हा प्रश्न मला एकदाही कुणी विचारलेला नाही.

दक्षिणेकडचं आकाश हा तर आमचा हक्काचा माल. फेब्रुवारीत रात्री नऊच्या सुमारास अगस्तीचा तारा दक्षिणेला एकवीस अंशांवर असतो. मे महिन्याच्या मध्यावर साडेनऊच्या सुमारास त्रिशंकू हा तारकासमूह क्षितिजावर दहा अंश चढलेला असतो, आणि नेमके तेव्हा चाकरमानी गावात. घुमटात देवगडवरून दिल्लीला सरकायचं. त्रिशंकूच्या पायथ्याचा तेजस्वी तारा क्षितिजाखाली बुडतो, दिल्लीकरांना तो कधी दिसतच नाही. ध्रुव वर चढतो. पृथ्वी गोल असल्याचा याहून चांगला धडा मी वीस वर्षांत शिकवलेला नाही. मुंबईच्या पाहुण्यांना मी आवर्जून तो दाखवतो. वरळीला तोच तारा आमच्याहून अडीच-तीन अंश खाली असतो, शिवाय शहराचा उजेड.

मग कुणी म्हणेल, कोकणात एवढं काळोखी आकाश फुकट असताना तंबूत कशाला बसायचं? दिवाळी ते शिमगा या काळापुरता प्रश्न रास्त आहे. पण शाळा दिवसा भरते. आणि जूनपासून जवळजवळ दसऱ्यापर्यंत आमच्याकडे आकाश नावाची गोष्ट नसते, असतो तो पाऊस. हेच महिने या वस्तूने वसूल केले.

उदाहरणार्थ मिरग, म्हणजे मृग नक्षत्र. मिरग लागला की पेरणी, मिरगाचा कोंबडा, हे इथल्या प्रत्येक पोराला माहीत. मिरगात नेमकं काय होतं, हे फार थोड्या मोठ्यांना माहीत. घुमटात 8 जूनची दुपार लावायची. निळं आकाश, मध्ये सूर्य. मग सॉफ्टवेअरमधलं वातावरण बंद करायचं. निळाई जाते, भरदुपारी तारे उमटतात, आणि सूर्य रोहिणीच्या पुढे, मृगाच्या उंबरठ्यावर उभा. "मगे मिरग लागता म्हणजे सूर्य थंय जाता?" असं एक पोरगं जवळजवळ ओरडलंच. तारखा पुढे ढकलल्या की आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य असा सूर्य एकेक नक्षत्र चालत जातो, सुमारे साडेतेरा दिवसांना एक. पंचांगातलं त्या नक्षत्राचं वाहन, बेडूक की हत्ती, आणि त्यावरून पाऊस किती, हे आकाशात कुठे दिसत नाही, तेही तिथल्या तिथे सांगून टाकतो. एका शाळेत त्यावरून पालकांशी थोडी शब्दाशब्दी झाली. होऊ दे.

दुसरा चालणारा शो चंद्राचा. मच्छीमारांच्या घरातली पोरं यात माझ्या पुढे असतात. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, घरात सगळ्यांना वेळ. तेव्हा काही मोठी माणसंही आत येऊन बसली. अमावास्या-पुनवेला सूर्य, पृथ्वी, चंद्र एका रेषेत, दोघांची ओढ एकत्र, म्हणून उधाण. अष्टमीला दोघं काटकोनात, म्हणून भांग, म्हणजे मंद भरती. हे घुमटात महिना दोन मिनिटांत पळवून दाखवता येतं. मागे बसलेल्या एका आजोबांनी चंद्राची जागा बघून त्या दिवशीच्या भरतीची वेळ सांगितली. पुस्तकातला तक्ता काढून पाहायची गरज कुणालाच वाटली नाही.

चालवण्याबद्दल दोन शब्द, कारण पैसे इथेच जातात. घुमटाला कडेच्या पट्टीसकट साडेतीन मीटर उंची लागते. कौलारू वर्गखोलीत तुळई आड येते, म्हणून समाजमंदिर किंवा शाळेचा हॉल बघावा. वीज गेली की ब्लोअर थांबतो आणि घुमट हळूहळू पोरांच्या अंगावर बसतो. कापड हलकं आहे, धोका नाही, पोरांना तर तोच शोचा सर्वात आवडता भाग. पण बाहेर पडायची चेन कुठे आहे ते सुरुवातीलाच हात लावून दाखवावं. दिव्याच्या प्रोजेक्टरला बंद केल्यावरही पंखा थोडा वेळ चालावा लागतो, वीज अचानक गेली तर दिवा तापून आयुष्य घटतं. निदान प्रोजेक्टरपुरता यूपीएस हवाच. नव्याने घेणाऱ्यांनी लेझरचा घ्यावा, महाग असला तरी.

एप्रिल-मेमध्ये दुपारी शो लावू नये. तीस पोरांचा घाम आणि प्रोजेक्टरची ऊब मिळून आत भट्टी होते, कारण ब्लोअर आत ढकलतो ती बाहेरचीच हवा. सकाळी नऊच्या आत उरकावं. ब्लोअरची घरघर चालूच असते, तेव्हा बोलणाऱ्याचा घसा दणकट हवा. माइक लावला तर घुमट आवाज भलत्याच कोपऱ्यात नेऊन आपटतो.

बुरशी हा खरा शत्रू. ओलसर कापडाची घडी केली की चार दिवसांत वास आणि आठवड्यात काळे ठिपके. मेअखेर एक ऊन दाखवून घेतलं, आमसुलं आणि आंब्याची साठं वाळत होती त्याच खळ्यात. पावसात झाकणाच्या प्लास्टिक पिंपात सिलिका जेलच्या पिशव्यांसकट ठेवतो. भिंग वेगळ्या हवाबंद डब्यात. शिलाईच्या दोन जागा आणि एक चेन गेली, गावातल्या शिंप्याने नायलॉनच्या दोऱ्याने मारून दिली, विकणाऱ्याकडच्यापेक्षा पक्की. विकणाऱ्याचा फोन पहिल्या महिन्यानंतर क्वचितच लागला, तेव्हा दुरुस्ती गावातच होईल असं धरून चाला.

आणखी एक. आत गेल्या गेल्या तारे लावू नयेत. सूर्यास्त लावावा, पाचेक मिनिटं उजेड उतरू द्यावा, डोळ्यांना काळोखाची सवय होऊ द्यावी. मोबाईल बाहेर टोपलीत. एका मोबाईलच्या पडद्याने अख्खं आकाश पुसलं जातं.

गुण द्यायचेच तर फिल्म्सना पाचपैकी अडीच, थेट आकाशाला साडेचार, देखभालीच्या कटकटीला वजा एक. बोलणारा माणूस नसेल, नुसतं बटण दाबून फिल्म लावायची असेल, तर घेऊ नका. त्यापेक्षा पोरांना रत्नागिरीच्या तारांगणात किंवा पणजीला मिरामारच्या विज्ञान केंद्रात एक दिवस घेऊन जा. पडदा, आवाज, खुर्च्या, सगळं तिथे सरस आहे. बोलणारा कुणी असेल तर बिनधास्त घ्या, आणि फिल्म्सचे पैसे लेझर प्रोजेक्टरमध्ये घाला.

आमचं पुढचं काम ठरलंय. 2 ऑगस्ट 2027 ला सूर्यग्रहण आहे, इजिप्तकडे खग्रास, आपल्याकडे दुपारनंतर खंडग्रास. ऑगस्टच्या दुपारी देवगडला सूर्य दिसेल यावर मी चार आणेही लावणार नाही, म्हणून त्या दिवसासाठी हॉल सांगून ठेवलाय. ब्लोअरची मोटर आत्ताच आवाज करायला लागली आहे, ती त्याआधी बदलायची आहे. वर्गणीची चिठ्ठी या गणपतीत फिरेल.