रेडियल आर्म सॉ की स्लायडिंग मायटर सॉ: बेळगाव-खानापूरच्या वर्कशॉपसाठी

उद्यमबागेत पॅकिंगच्या पेट्या ठोकणारा, खानापूर रस्त्यावर दारं-चौकटी करणारा आणि फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न (ओतकामाच्या साच्याचे नमुने) घडवणारा, तिघांनाही दिवसभर लाकूड आडवं कापावं लागतं. तरी तिघांनी एकच मशीन घ्यावं असं मला वाटत नाही. बंद पडलेल्या कारखान्यातली जुनी रेडियल आर्म सॉ विकायला निघते, तिची किंमत नव्या दहा इंची पात्याच्या स्लायडिंग मायटर सॉच्या (रुळांवर पुढे-मागे सरकणारी, कोनात वळणारी आडव्या कापाची करवत) जवळपास सांगितली जाते, आणि "एवढं दणकट मशीन परत मिळणार नाही" म्हणून माणूस मोहात पडतो. हा निर्णय किमतीवरून घेऊ नका. कापताना तुमचा हात कुठल्या दिशेला जातो, त्यावरून घ्या.

रेडियल आर्म सॉ १९२२ साली अमेरिकेत रेमंड डीवॉल्ट यांनी शोधली. मागे एक खांब, त्यातून टेबलावर आलेला आडवा दांडा, आणि दांड्याला लटकून पुढे-मागे सरकणारी मोटर आणि पातं. लाकूड जागचं हलत नाही, पातं त्याच्यावरून येतं. सोळा फुटी फळी टेबल सॉवर (पातं टेबलातून वर येणाऱ्या करवतीवर) आडवी कापायची म्हटलं की दोन माणसं लागतात. इथे ती टेबलावर नुसती पडून राहते. कल्पना उत्तमच आहे, आणि दहा इंची मशीनवर साधारण पंधरा इंच रुंदीची फळी एका ओढीत कापली जाते.

अडचण त्या ओढीतच आहे. दोन्ही मशीनमध्ये पातं एकाच बाजूला फिरतं: समोरचे दाते वरून खाली उतरतात आणि लाकडाला मागच्या फेन्सकडे, म्हणजे लाकूड टेकवायच्या उभ्या पट्टीकडे, दाबतात. स्लायडिंग मायटर सॉ आधी रिकामी पुढे ओढायची, खाली दाबायची आणि मग मागे ढकलत कापायचं. तुमचा जोर दात्यांच्या विरुद्ध लागतो, त्यामुळे पातं स्वतःहून पळत नाही. रेडियल आर्म सॉ मात्र मागून स्वतःकडे ओढत कापतात. दाते लाकडात रुततात आणि सगळं हेड, म्हणजे मोटर आणि पातं, तुमच्याच अंगावर चढत येतं. तुम्ही ओढता असं वाटतं, खरं तर त्याला आवरून धरायचं असतं. कोपर आणि मनगट ताठ ठेवून, हळू, जणू उतारावरची गाडी धरून उतरवताय. दहा इंची पात्याची कड मिनिटाला २८५० फेऱ्यांवर ताशी सुमारे १३६ किलोमीटरने फिरते. हात ढिला असेल आणि मध्ये गाठ आली, तर सावरायला वेळ मिळत नाही.

आपल्याकडे याला आणखी एक कारण आहे. जुनं घर पाडलं की तुळया, दारं, फळ्या पुन्हा कामाला येतात. ते लाकूड पिकलेलं, चांगलं असतं, पण आत खिळे मोडलेले असतात. मायटर सॉवर खिळा लागला तर बहुधा पातं अडतं, दाते जातात. रेडियल आर्मवर तोच खिळा हेडला झटका देऊन पुढे फेकू शकतो. जुन्या लाकडाचं काम जास्त असेल तर मी मायटर सॉच सुचवेन. आणि मशीन कोणतंही असो, आधी फळीवरून मोठं लोहचुंबक फिरवा.

पात्याकडे लोक सर्वांत कमी लक्ष देतात, आणि रेडियल आर्मवर जीव वाचवणारी पहिली गोष्ट तीच आहे. पात्याच्या मध्यबिंदूपासून दात्याच्या टोकापर्यंत पट्टी ठेवून पाहा. दात्याचं तोंड पट्टीच्या पुढे, फिरण्याच्या दिशेला झुकलेलं असेल, तर तो दाता लाकूड ओढून खाणारा. उभं, म्हणजे लाकडाच्या रेषांच्या दिशेने, फाडण्याच्या टेबल सॉच्या पात्याला वीस अंशांपर्यंत असा झुकाव असतो. तेच पातं रेडियल आर्मवर चढवलं तर मशीन अंगावर येणारच. इथे उणे पाच ते अधिक पाच अंशांच्या आतलंच पातं हवं. दहा इंचाला साठ दाते घेतले तर आडवा कापही स्वच्छ येतो. दुकानदाराला मायटर सॉचं उण्या झुकावाचं पातं मागा, पण पात्याचं भोक आणि त्यावर छापलेला कमाल वेग तुमच्या मशीनशी जुळतो का, हे घेण्याआधी पाहा.

उभं फाडण्याबद्दल माझं मत ठाम आहे: रेडियल आर्मवर ते करूच नका. हेड नव्वद अंशांत वळवून, दांड्यावर आवळून, लाकूड पात्याच्या फिरण्याच्या विरुद्ध बाजूने सरकवलं तर फाडता येतं, हे खरं. मशीन चांगलं असेल तर लाकूड उलटं फेकलं जाऊ नये म्हणून त्याला नखंही असतात. पण घाईत कोणी चुकीच्या टोकाकडून फळी घातली, तर पातं ती हिसकावून पलीकडे फेकतं, आणि फळीमागचा हातही तिच्याबरोबर ओढला जाऊ शकतो. गडी बदलतात, नवा मुलगा येतो, सांगायचं राहून जातं. फाडायला टेबल सॉ घ्या, तीही पात्यामागे फट उघडी ठेवणारी पाती असलेली. खानापूरच्या पावसात ओलं झालेलं लाकूड फाडताना फट मिटते आणि पातं चेंगरतं, म्हणून ही पाती काढून ठेवायची नाही.

कोनाच्या कामात मायटर सॉ पुढे आहे. पंचेचाळीसला फिरवली की खटका बसतो, परत नव्वदला आणली की बसतो. रेडियल आर्म एकदा वळवली की परत गुण्या लावून तपासावी लागते. म्हणून ज्यांच्याकडे ती चांगली चालते, ते तिला नव्वदवरून हलवतच नाहीत. काम साइटवर असेल, गोव्याला जाऊन किचन बसवायचं असेल, तर तुलनाच नको. मायटर सॉ टेम्पोत जाते, रेडियल आर्म भिंतीला कायमची.

मग रेडियल आर्म कोणी घ्यावी? पॅकिंगवाल्याने. एकाच मापाच्या शेकडो फळ्या, एकच नव्वद अंशांचा काप, दोन्ही बाजूंना आठ-आठ फूट टेबल, मापाला ठोकळा लावलेला. या कामात ती मायटर सॉपेक्षा सरस ठरते. मोटर इंडक्शनची असल्याने आवाज कमी आणि दिवसभर चालते. कपाटाच्या बाजूंना आडव्या खाचा मारायच्या असतील तरी सोयीची, कारण खाच वरून डोळ्यांना दिसते. पॅटर्नवाल्याला मात्र मी सांगेन की आधी बँड सॉ (पट्ट्यासारख्या पात्याची, वळणं कापणारी करवत) चांगली घ्या, ही नंतर पाहू.

घ्यायचीच ठरली तर वीज नीट समजून घ्या. अमेरिकन मशीन ११०-१२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झचं असतं. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, हर्ट्झ ५० च राहतात. ३४५० फेऱ्यांची इंडक्शन मोटर मग २८५० च्या आसपास फिरते आणि व्होल्ट त्या प्रमाणात कमी केले नाहीत तर तापते. दुसरं, आपल्याकडे वीज मध्येच जाते आणि अचानक येते. साधा खटक्याचा स्विच चालू राहिला तर वीज आल्यावर पातं आपोआप फिरू लागेल, आणि तेव्हा हेड फळीच्या मध्यावर असू शकतं. वीज गेल्यावर स्वतः पडणारा आणि पुन्हा हाताने दाबल्याशिवाय न लागणारा स्टार्टर बसवा. या खर्चात काटकसर करू नका.

गार्डचा इतिहासही माहीत असावा. क्राफ्ट्समन नावाने १९५८ ते १९९२ या काळात विकलेल्या सुमारे सदतीस लाख रेडियल आर्म सॉ २००० साली अमेरिकेत रिकॉलमध्ये आल्या, कारण त्यांचं गार्ड पूर्ण पातं झाकत नव्हतं. काही मॉडेलना नवीन गार्ड दिलं, बाकीच्यांची मोटर पैसे देऊन परत घेतली. तसलं मशीन फिरत फिरत तुमच्यापर्यंत आलं, तर खालचंही गार्ड असल्याशिवाय ते चालवू नका.

चालवताना डावा हात पात्याच्या रेषेपासून किमान सहा इंच लांब, अंगठा आत, हातांची फुली कधीच नाही. काप संपला की हेड फेन्सच्या मागे नेऊन मगच बंद करायचं आणि पातं पूर्ण थांबेपर्यंत तुकडा उचलायचा नाही. आखूड तुकडा हाताने धरू नका, शिकंज्यात धरा. गळ्यात टॉवेल, मनगटात दोरा, हातमोजे, तिन्ही नकोत. भुसा मागे आणि चौफेर उडतो. लाकडाचा भुसा कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच ठरवलं आहे, तेव्हा मास्क लावाच.

पैसे देण्याआधी वीज बंद ठेवून तीन गोष्टी पाहा. हेड दांड्याच्या पुढच्या टोकाला नेऊन सोडा: ते आपोआप मागे सरकलं पाहिजे, म्हणजे दांडा पुढून किंचित उंच बसवलेला आहे. पुढे रेंगाळत असेल तर मालकाला तिथेच उंची नीट करून दाखवायला सांगा. मग हेड दोन्ही हातांनी डावी-उजवीकडे हलवा. खडखडलं तर बेअरिंग किंवा रूळ झिजलेत. शेवटी हेड काप पूर्ण होण्यापुरतंच पुढे यावं असा अडथळा दांड्यावर बसवता येतो का ते पाहा. तो नसेल आणि बसवायला जागाही नसेल, तर त्याच पैशांत मायटर सॉ घ्या.