प्लास्टिकची एकसंध होडी म्हणून ६८,५०० रुपयांना गळ्यात पडलेले फायबर

निफाड तालुक्यातील आमच्या शेततळ्यासाठी मागवलेल्या बारा फुटी होडीपायी माझे ६८,५०० रुपये गेले आहेत. त्यांपैकी ३६,००० आगाऊ दिले, २७,००० माल उतरवण्यापूर्वी दिले आणि ५,५०० गाडीभाड्याचे झाले. ठरलेल्या ७२,००० पैकी उरलेले ९,००० मी पाण्यावरच्या चाचणीसाठी रोखून धरले होते, तेवढेच वाचले. नाशिक, दिंडोरी, सिन्नर या भागात तळ्यात मासे सोडणारे अनेक जण सध्या अशाच होडीच्या शोधात आहेत, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

कटला-रोहूला खाद्य टाकायला आणि जाळे ओढायला होडी लागतेच. लोखंडी होडीची कड घासली की तळ्यात अंथरलेला ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद फाटतो, म्हणून आम्ही प्लास्टिकचीच घ्यायची असे ठरवले होते. चांगली प्लास्टिकची होडी पॉलिथिनची भुकटी साच्यात घालून, तो साचा भट्टीत फिरवून तयार करतात. तिला कुठेही जोड नसतो, तिच्या दोन भिंतींमध्ये फोम भरलेला असतो आणि त्यामुळे पाणी आत आले तरी ती बुडत नाही. हे मला माहीत होते. विक्रेत्याला मी भिंतीची जाडी, वजन, तळाचा सपाटपणा, पाणी काढण्याचे बूच, उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होऊ नये म्हणून मिसळायचे द्रव्य, सगळे विचारले आणि त्याने प्रत्येक प्रश्नाचे बिनचूक उत्तर दिले. गंगापूर आणि दारणा धरणांवर आपल्याच होड्या चालतात, असेही त्याने सांगितले. चार माणसे होडीच्या एकाच काठावर उभी आहेत आणि ती कलंडत नाही, असा व्हिडिओ त्याने पाठवला. असा व्हिडिओ कोणाच्याही होडीचा असू शकतो. धरणावर प्रत्यक्ष मासेमारी करणाऱ्यांना विचारल्याशिवाय विक्रेत्याच्या अशा दाव्यावर विसंबू नका.

त्याने दिलेला जीएसटी क्रमांक मी संकेतस्थळावर तपासला होता. तो चालू होता आणि पेढीचे नावही जुळत होते. मात्र त्याच पानावर नोंदणीदाराचे कायदेशीर नावही दिसते आणि पैसे पाठवताना मोबाइलवर आलेले नाव त्याहून निराळे होते. विचारल्यावर, हे भावाचे खाते आहे, असे सांगण्यात आले. व्यवसायात भावाभावांची खाती सर्रास वापरली जातात, त्यामुळे मला त्यात वावगे वाटले नाही. तुम्हाला मात्र वाटलेच पाहिजे: ही दोन नावे जुळत नसतील तर एक रुपयाही पाठवू नका.

खरा क्षण गाडी आली तेव्हाचा होता आणि तो अजून माझ्या डोक्यातून जात नाही. संध्याकाळ झाली होती, ड्रायव्हर पैसे जमा झाल्याशिवाय दोर सोडायला तयार नव्हता आणि विक्रेता सतत फोन करत होता. होडीच्या काठावर सगळीकडून काळी रबरी पट्टी होती. आमच्याकडे कामाला असलेले काका ती पट्टी चाचपून म्हणाले, ‘‘भाऊ, प्लास्टिकला जोड कशाला लागतो?’’ तेवढ्यात दोन माणसांनी होडी सहज वर उचलली. कोटेशनमध्ये तिचे वजन ११० किलो लिहिलेले होते! जोड समोर होता, वजन समोर होते, तरी २७,००० रुपये गेले, कारण बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्ले, तळ्यात आधीच सोडलेली होती आणि गाडी परत गेली असती तर आगाऊ दिलेले ३६,००० तिच्याबरोबरच गेले असते. त्या घडीला कोणीही हाच हिशेब केला असता, असे मला आजही वाटते.

सकाळी पट्टी उचकटली. आत फायबरचे दोन पातळ सांगाडे रिव्हेटने जोडलेले होते आणि फोमच्या जागी थर्माकोलचे तुकडे कोंबलेले होते. पाण्यात लोटताच रिव्हेटच्या भोकांतून पाणी आत येऊ लागले आणि ओढून बाहेर काढताना त्याच रिव्हेटांनी तळ्याचा कागद चिरला. तो जोडून घ्यायला ४,२०० रुपये वेगळे लागले. पॉलिथिन ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. काठाचा नखाएवढा तुकडा पाण्यात टाका, पॉलिथिन तरंगते आणि फायबर बुडते. तुकडा काढू न देणाऱ्याकडून होडी घेऊ नका.

यानंतर जे झाले त्याचा संताप फसवणुकीपेक्षा कमी नाही. बँकेने सांगितले की पिन तुम्हीच टाकला, त्यामुळे आम्ही काही करू शकत नाही. घराजवळच्या पोलीस ठाण्याने तळे आमच्या हद्दीत नाही म्हणून तळ्याकडच्या ठाण्यात पाठवले, त्या ठाण्याने पैसे शहरातून गेले म्हणून परत पाठवले. शेवटी एका अधिकाऱ्याने माल मिळालेला आहे, ही दिवाणी बाब आहे, असे सांगून अर्जाची पोचसुद्धा दिली नाही. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी पोलीस ठाण्याने माहिती नोंदवून घेतली पाहिजे, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट लिहिले आहे. फोमचे पैसे घेऊन थर्माकोल देणे ही दिवाणी बाब कशी होते, हे मला कोणीही समजावून सांगितले नाही. मत्स्यव्यवसायाशी संबंधित एका कार्यालयात तर, अनुदानातून घेतलेली नाही ना, मग आमचा संबंध नाही, एवढे बोलून फाईल मिटवण्यात आली. कर भरणाऱ्या माणसाने मग जायचे कुठे?

ग्राहक आयोगात जाऊ नका, होडी धंद्यासाठी घेतली आहे, असे मला काहींनी सांगितले. ते अर्धवट आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूची खरेदी वगळली असली, तरी केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी वापरलेली वस्तू व्यापारी हेतूची धरली जात नाही. तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्यात दाखल करता येते, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची असते. मी तक्रार दाखल केली आहे. वजनकाट्याची पावती, उचकटलेल्या पट्टीची छायाचित्रे आणि कोटेशन जोडले आहे आणि पुरावा म्हणून होडी शेडमध्ये ठेवली आहे. तुमचे पैसे नुकतेच गेले असतील तर मात्र आधी सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर फोन करा, कारण रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधीच ती गोठवता येते.

विक्रेत्याचा जुना क्रमांक आता बंद आहे, पण काठावर चार माणसे उभी असलेला तोच व्हिडिओ मागच्या आठवड्यात पिंपळगावच्या एका शेतकऱ्याला दुसऱ्या पेढीच्या नावाने आला आणि त्या वेळी आगाऊ रक्कम ४०,००० मागितली होती.