सीटखालचा दुरुस्ती संच : एक पावसाळा आणि एक हिवाळा वापरल्यानंतर

गेल्या वर्षी मेअखेरीस मी सायकलच्या सीटखाली बांधायचा एक छोटा तयार दुरुस्ती संच विकत घेतला. संपूर्ण पावसाळा आणि नंतरचा हिवाळा तो पुण्याहून पानशेत, पौड आणि ताम्हिणीकडे जाणाऱ्या रस्त्यांवर वापरून झाला असल्याने आता त्याविषयी खात्रीने लिहिता येईल. माझी सायकल हायब्रिड आहे, टायर ७०० बाय २८ मापाचे आहेत आणि व्हॉल्व्ह प्रेस्टा, म्हणजे बारीक व टोकाला इवलीशी नटी असलेला आहे. ज्यांच्या सायकलला मोटारसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह आहे, त्यांना पुढच्या काही अडचणी येणारच नाहीत.

संचात एक पिशवी, घडी होणारे बहुउपयोगी हत्यार, टायर रिमवरून उतरवायचे प्लास्टिकचे दोन टायर लिव्हर, सोल्युशनशिवाय चिकटणारे पॅच आणि वीतभर लांबीचा पंप होता. जादा ट्यूब मात्र नव्हती, आणि माझ्या मते तयार संचांची हीच सर्वांत मोठी उणीव आहे. रस्त्याच्या कडेला पॅच लावत बसण्यापेक्षा ट्यूब बदलून पुढे निघावे आणि पंक्चर झालेली ट्यूब घरी नेऊन, पाण्याच्या बादलीत बुडवून, सावकाश दुरुस्त करावी. या मापाची ट्यूब शंभर-सव्वाशे ग्रॅमची असते. तिच्यासाठी पिशवीत जागा होत नसेल, तर पिशवी बदलावी.

सोल्युशनशिवायच्या पॅचविषयी माझे मत चांगले नाही. कोरड्या दिवशी ते घरी पोहोचण्यापुरते टिकतात, पण पावसात ट्यूब पूर्ण कोरडी होत नाही आणि ओल्या रबरावर ते धरतच नाहीत. उन्हाळी दुपारी सायकल उन्हात उभी राहिली, तर त्यांची कड हळूहळू सुटते आणि हवा बारीक बारीक निघत राहते. म्हणून आता पिशवीत नेहमीचे रबरी पॅच, पॉलिश पेपरचा तुकडा आणि सोल्युशनची छोटी नळी असते. नळी एकदा उघडली की काही महिन्यांत आतल्या आत वाळते, त्यामुळे पिशवीत न फोडलेलीच बाळगावी आणि घरच्या कामासाठी दुसरी ठेवावी.

पंक्चर कशाने झाले, हे शोधण्याचे काम मात्र कोणताच संच करून देत नाही. ग्रामीण रस्त्यांवर बाभळीचा काटा हा जुना शत्रू आहेच, परंतु महामार्गाच्या कडेने जाताना त्याहून त्रासदायक ठरते ती ट्रकच्या फाटलेल्या टायरमधून सुटलेली पोलादी तार. ती जेमतेम तीन-चार मिलिमीटर लांब असते, टायरच्या रबरात रुतून बसते आणि बाहेरून दिसत नाही; ती तशीच राहिली तर नवी ट्यूबही काही मिनिटांत बसते. यावर एक सोपा उपाय आहे. टायर चढवताना त्यावरील कंपनीचे नाव नेहमी व्हॉल्व्हच्या समोर येईल असे बसवावे, म्हणजे ट्यूबचे भोक व्हॉल्व्हपासून किती अंतरावर आहे ते पाहून टायरमधली तेवढीच जागा तपासता येते. आतून बोट फिरवण्याऐवजी फडके फिरवावे. तार असली तर त्याचा धागा अडकतो आणि बोट वाचते. ती उपसायला नखाचा उपयोग होत नाही, म्हणून मी भुवया कोरायचा एक छोटा चिमटा पिशवीत टाकला आहे. संपूर्ण संचात सर्वांत स्वस्त आणि सर्वाधिक वेळा बाहेर निघालेली वस्तू तीच.

पंपावर हवेचा कमाल दाब १०० पीएसआय असा छापलेला आहे, पण दीड-दोनशे दणके मारल्यावर माझ्या दंडात जोर उरतो तो साधारण ६० पीएसआयपर्यंतच. तेवढ्या हवेवर घरी येता येते. खड्ड्यावर आदळल्यास रिम आणि दगड यांच्यामध्ये ट्यूब चेमटून दोन समांतर चिरा पडण्याचा धोका मात्र राहतो. या पंपाचे तोंड थेट व्हॉल्व्हवर बसते आणि जोर लावताना प्रेस्टाची बारीक दांडी वाकते, हा त्याचा खरा दोष आहे. दोन महिन्यांनी मी आखूड रबरी नळी असलेला पंप घेतला आणि हा त्रास संपला. गॅसच्या नळकांड्यांनी टायर क्षणात टणक होतो हे खरे, पण १६ ग्रॅमचे नळकांडे एकदाच वापरता येते आणि कार्बन डायऑक्साइड ट्यूबमधून हवेपेक्षा लवकर झिरपतो. २०० किलोमीटरच्या बीआरएमला, म्हणजे ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीला, साडेतेरा तासांची मुदत असते आणि नियंत्रण-स्थळे सोडून वाटेत स्वतःच्या माणसांची मदत घेता येत नाही. अशा वेळी कितीही वेळा चालणारा हातपंपच बरा.

पंपाइतकीच महत्त्वाची वस्तू म्हणजे प्रेस्टावर बसणारा अंगठ्याच्या नखाएवढा पितळी अडॅप्टर. आपल्याकडचे पंक्चरवाले हुशार आहेत, पौड-पिरंगुटच्या टपरीवरही पॅच उत्तम लागतो, पण त्यांच्या कॉम्प्रेसरची नळी या बारीक व्हॉल्व्हवर बसत नाही. अडॅप्टर लावण्यापूर्वी टोकाची नटी सैल करायला विसरू नये, अन्यथा हवा आत जात नाही. अर्थात रविवारी सकाळी सहाला टपरी उघडी सापडेल, अशा भरवशावर मात्र राहू नये.

बहुउपयोगी हत्यारातील ४, ५ आणि ६ मिलिमीटरच्या अॅलन की आणि स्क्रूड्रायव्हर एवढेच नियमित कामाला आले. चेन तोडण्याचे यंत्र आखूड असल्याने पिन सरळ बसवणे जिकिरीचे होते, तरी तुटकी कडी काढायला ते लागतेच. नंतर पिन पुन्हा ठोकण्यापेक्षा आपल्या चेनच्या गिअरसंख्येला जुळणारी जोडकडी वापरावी. आठ गिअरची कडी अकराच्या चेनवर चालत नाही. जोडकडी बसवल्यावर ती वरच्या बाजूला आणून, मागचा ब्रेक दाबून पेडलवर जोर दिला की ‘टक्’ असा आवाज होतो आणि ती पक्की होते. पावसाळ्यात हत्याराच्या सांध्यांना गंज चढला; आता ते तेलाचा हात फिरवून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवतो. पिशवीची चेन चिखलाने अडकते, यापलीकडे तिच्याविषयी सांगण्यासारखे काही नाही. जुन्या टायरच्या कडेचा बोटभर तुकडा मात्र जरूर ठेवावा, कारण टायर चिरला तर आतून तो लावल्याशिवाय ट्यूब फुग्यासारखी बाहेर डोकावते.

ज्यांच्या सायकलचे चाक खटक्याने न निघता नटांनी आवळलेले आहे, त्यांना या संचाचा उपयोग निम्माच होईल. त्या नटांना बहुधा १५ मिलिमीटरचा पाना लागतो, तो अशा घडीच्या हत्यारात सहसा नसतो आणि छोट्या पिशवीत मावतही नाही. त्यांनी चाक न काढता टायरची एकच बाजू उतरवून, ट्यूबचा पंक्चर झालेला भाग तेवढा बाहेर ओढून पॅच लावण्याची आपल्या पंक्चरवाल्यांची पद्धत शिकून घ्यावी आणि जादा ट्यूबऐवजी सोल्युशनच्या दोन नळ्या बाळगाव्यात.