पॅडल खाली बसतंय: मास्टर सिलिंडरला किट टाकावं की नवा घ्यावा?

जुन्या गाडीचे ब्रेक लागेनासे झाले की पहिलं निदान ठरलेलं असतं: "मास्टर गेला." मास्टर म्हणजे मास्टर सिलिंडर, पॅडल दाबलं की ब्रेक ऑइल नळ्यांतून चाकांकडे ढकलणारा. कधीकधी ते खरंही निघतं. मी मात्र एकदा त्या निदानावर विसंबून अख्खा मास्टर सिलिंडर बदलला, ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढली, आणि पॅडल होतं तिथंच राहिलं. दोष मागच्या चाकांच्या ड्रममध्ये होता. लायनर (ड्रमवर घासणारे ब्रेकचे पट्टे) झिजले होते, त्यांना ड्रमजवळ आणायचं सेटिंग कुणी केलंच नव्हतं, आणि पॅडलचा अर्धा प्रवास ते अंतर भरून काढण्यातच संपत होता. तेव्हा किट (आतली रबरं बदलायचा संच) की नवा हे नंतर बघू, आधी दोष मास्टरचाच आहे का ते बघा. आणि तोवर गाडी रस्त्यावर काढू नका.

पॅडल बरंच काही सांगतं. दाबल्यावर स्पंजासारखं लागत असेल तर लाइनमध्ये हवा आहे, नाहीतर रबरी नळ्या फुगतायत. पहिल्यांदा खोल जातं पण दोन-तीनदा दाबल्यावर वर येतं, तर मागचं सेटिंग तपासा: हँडब्रेक ओढून पॅडल दाबा, तेवढ्यानं ते वर आलं तर लायनर लांब गेलेत (हँडब्रेक त्याच लायनरवर काम करत असेल तर). पॅडल दगडासारखं कडक लागलं तर संशय बूस्टरवर (इंजिनच्या व्हॅक्यूमनं पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्यावर) घ्यावा. इंजिन बंद ठेवून चार-पाच वेळा पॅडल मारा, मग दाबून धरून इंजिन चालू करा. पॅडल किंचित खाली सरकलं पाहिजे. नाही सरकलं तर बूस्टर, त्याची व्हॅक्यूमची नळी नाहीतर वनवे व्हॉल्व्ह.

मास्टरची खूण वेगळी असते. पाय दाबून धरला की पॅडल हळूहळू बसत जातं, आणि बाहेर कुठं ऑइलचा थेंब दिसत नाही. आतल्या रबरी कपांवरून ऑइल मागं सटकत असतं. शंका उरू नये म्हणून मास्टरच्या बाहेर जाणाऱ्या तोंडांना योग्य आट्याचे प्लग लावून पॅडल दाबा. तरीही बसलं तर दोष आतच. टणक राहिलं तर पुढं जा आणि चारही चाकं बघा. टाकीतली पातळी उतरतेय पण गळती सापडत नाही, असं असेल तर मास्टर बूस्टरपासून सोडवून मागं बोट फिरवा. मागचं सील गेलं की ऑइल गुपचूप बूस्टरमध्ये साठतं.

आता निवड. किटमध्ये मुख्यतः रबर येतं: कप, सील, कधी स्प्रिंग. सिलिंडर तुमचा जुनाच. म्हणून निर्णय रबरावर नाही, बोअरवर (सिलिंडरच्या आतल्या पोकळीवर) होतो. पिस्टन काढा, स्वच्छ पुसा, टॉर्च मारून आत बघा. गुळगुळीत असेल किंवा नुसता डाग असेल तर किट उत्तम काम करतं. नखाला अडेल असा खड्डा दिसला की किट विसरा. नवे कप त्या खड्ड्यावर घासून लवकरच जातील. बिडाच्या सिलिंडरला हलकं होनिंग (बोअर आतून घासून गुळगुळीत करणं) चालतं. अ‍ॅल्युमिनियमच्या सिलिंडरला चालत नाही, कारण आतला कडक थर निघून जातो आणि उरलेला मऊ धातू झिजत जातो. हा फरक न बघता पॉलिश पेपर फिरवणारे हात पुष्कळ आहेत.

नव्याच्या बाजूनं सरळ गोष्ट अशी की बोअर, पिस्टन, रबर सगळं एकदम नवं मिळतं आणि काम लवकर उरकतं. पण जुन्या गाडीला 'बसतो' म्हणून मिळणारा प्रत्येक नवा सिलिंडर बरोबर असतोच असं नाही. बोअरचा व्यास जुळवून घ्या. पाऊण इंचाच्या जागी सात-अष्टमांश इंचाचा बसवला तर पिस्टनचं क्षेत्रफळ सुमारे 36 टक्के वाढतं: पॅडलचा प्रवास कमी होतो, पण तेवढ्याच दाबासाठी पायाला 36 टक्के जास्त जोर लावावा लागतो. पॅडल टणक झालं म्हणून मालक खूश, आणि गाडी मात्र उशिरा थांबते. शिवाय वर्षानुवर्षं कपाटात पडलेला 'नवा' सिलिंडर असेल तर त्याचं रबरही तितकंच जुनं असतं.

माझा कौल असा: बोअर निर्दोष आणि किट चांगलं मिळत असेल तर किट. बोअर खराब आणि योग्य मापाचा नवा मिळत असेल तर नवा, वाद नको. बोअर खराब आणि नवा कुठंच नाही, तर मूळ सिलिंडरला स्टेनलेस किंवा पितळी स्लीव्ह (बोअरच्या आत बसणारी नळी) बसवून घ्या. वेळ लागतो, पण दुर्मीळ गाडीला तोच मार्ग. भंगारातून आणलेला वापरलेला सिलिंडर मी कधीच लावणार नाही. गाडीला एकच सर्किट (चारही चाकांना मिळून ऑइलचा एकच मार्ग) असेल तर मी आणखी सावध होतो. अमेरिकेत 1968 पासून मोटारींना दोन सर्किट सक्तीची झाली. त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांत एक कप गेला की चारही चाकांचे ब्रेक गेले. तिथं "बघू, चालेल" असा बोअर मला चालत नाही.

काहीही निवडा, ऑइल नवं भरा. नाव ऑइल असलं तरी डॉट 3 आणि डॉट 4 हे ग्लायकॉलवर आधारलेले द्रव आहेत; इंजिन ऑइलचा थेंबसुद्धा गेला तर सगळी रबरं फुगतात. ते हवेतलं पाणीही ओढतं: नवं डॉट 4 किमान 230 अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही, पाणी मुरल्यावर ती हद्द 155 पर्यंत उतरते. उतारावर तापलेले ब्रेक अचानक पोकळ लागतात ते यामुळंच.

बसवण्याआधी मास्टर बाकावर धरून त्यातली हवा काढा. मग चाकांची हवा, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या क्रमानं. आणि मास्टर जुनाच ठेवला असेल तर हवा काढताना पॅडल तळाला टेकवू नका, खाली लाकडाचा ठोकळा ठेवा. रोजच्या वापरात पिस्टन न पोचणाऱ्या भागात गंज बसलेला असतो आणि एका जोरदार दाबात तो कपांना फाडतो. किती जण हवा काढायला बसले आणि मास्टर घालवून उठले!