भावाने लेझर केलं, मी चष्मा ठेवला

आमच्या घरात वारशाने जमीनजुमला आला नाही, चष्म्याचा नंबर तेवढा आला. बाबांना मायनस सहा, मला पावणेपाच, धाकट्या भावाला साडेतीन. गेल्या दिवाळीनंतर आम्ही दोघं एकाच सकाळी लेझरच्या तपासणीला गेलो. तो २७ वर्षांचा, मी ३९. डिसेंबरात त्याने डोळे करून घेतले, मी चष्मा ठेवला. आता कुणी ‘करू का?’ विचारलं की तो हो म्हणतो, मी थांब म्हणते, आणि दोघंही खोटं बोलत नसतो.

आईला आधी लेझर या शब्दाचीच धास्ती. ‘विसर्जनाच्या मिरवणुकीत मारतात तोच ना? त्याने तर पोरांचे डोळे गेले.’ पुण्यात ही भीती अगदीच अस्थानी नाही, पोलिसांना मिरवणुकीतल्या लेझर झोतांवर बंदी घालावी लागली ती उगीच नाही. पण ती किरणं वेगळी. मिरवणुकीतला हिरवा झोत बाहुलीतून आरपार जातो, आतल्या भिंगाने एका बिंदूवर एकवटतो आणि मागचा पडदा भाजतो. नंबर घालवणारा एक्सायमर लेझर १९३ नॅनोमीटरचा, म्हणजे अतिनील. तो बुबुळावरच्या पारदर्शक थरात, कॉर्नियात, पृष्ठभागालाच शोषला जातो, आत शिरतच नाही. एका ठोक्याला साधारण पाव मायक्रॉन थर उडतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). या किरणाने जिवंत ऊती न भाजता कोरता येते हे १९८१ साली आयबीएमच्या प्रयोगशाळेत मद्रासमध्ये जन्मलेल्या रंगस्वामी श्रीनिवासन यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर दाखवलं, तेही थँक्सगिव्हिंगच्या जेवणातून उरलेल्या टर्कीच्या तुकड्यांवर! हे ऐकून आईची भीती गेली नाही, पण टर्की म्हणजे काय हे विचारण्यात तिचा वेळ छान गेला.

चष्म्याचा खरा जाच कुठे आहे?

भावाचा जाच स्पष्ट होता. तो मंडळाच्या संघातून कबड्डी खेळतो. चष्मा लावून खेळता येत नाही आणि लेन्स घातली की मैदानातली माती डोळ्यात. त्यात कोथरूडहून हिंजवडीला रोज दुचाकी. हेल्मेटबद्दल पुणेकरांचं मत बाजूला ठेवू, पण चष्म्यावर हेल्मेट आणि त्यावर जुलैची भुरभुर म्हणजे काच बाहेरून ओली, आतून धुरकट. पुसायला थांबावं तर मागून हॉर्न.

माझा जाच? खूप विचार केला. फोटोत बरा दिसत नाही, वाफाळता चहा पिताना काचेवर वाफ धरते, नाकावर दोन खळगे पडलेत. एवढंच. मी शाळेत शिकवते, रिक्षाने जाते, पोहत नाही. तुमची यादी माझ्यासारखी निघाली तर घाई करू नका, असं मी सांगेन.

पैशाचा हिशोबही मांडून बघा, कारण ‘आयुष्यभराचा चष्म्याचा खर्च वाचतो’ हे वाक्य हमखास ऐकवतात. माझा चष्मा पातळ काचांचा, दर दोन वर्षांनी साडेसहा हजार. मला सांगितलेला लेझरचा खर्च ८५ हजार. म्हणजे २६ वर्षांनी फिटणार, आणि मधे चाळिशीचा चष्मा लागणारच, तो वेगळा. भावाचं गणित निराळं. महिनावारी लेन्स, त्याचं सोल्यूशन, वर चष्मा असे त्याचे वर्षाला नऊ-दहा हजार जायचे आणि त्याचं ऑपरेशन ४५ हजारांत झालं. त्याचे पाच वर्षांत वसूल.

लेन्सबद्दल एक गैरसमज आमच्याकडेही होता, की लेन्स म्हणजे बिनधोक आणि लेझर म्हणजे जोखीम. नळाच्या पाण्याने लेन्स धुणं, लेन्स घालूनच झोपणं, टँकवर पोहायला उतरणं यातून कॉर्नियाला जंतुसंसर्ग होतो, आणि तो वाईट असतो. पाण्यातला अकँथअमीबा हा सूक्ष्मजीव शिरला तर महिनोन्‌महिने उपचार चालतात आणि डाग राहू शकतो. भाऊ गणपतीतल्या रात्री लेन्स घालूनच झोपायचा. त्याच्यासाठी लेझर हा उलट सुरक्षित पर्याय ठरला असेल.

तपासणी

निम्मा निर्णय इथेच होतो, म्हणून सविस्तर लिहिते. लेन्स वापरत असाल तर आधी बंद करा. मऊ लेन्स आठवडा-दोन आठवडे, कडक लेन्स तीन-चार आठवडे. लेन्सने कॉर्नियाचा आकार दबलेला असतो, मोजमाप चुकतं.

पहिली गोष्ट नंबर स्थिर आहे का. वय १८ च्या पुढे आणि वर्षभरात नंबर अर्ध्याहून जास्त हललेला नको. जुने कागद घेऊन जा. मग पेंटाकॅम नावाच्या यंत्रावर कॉर्नियाचा नकाशा काढतात. भावाच्या ऑफिसातल्या एका मुलाला इथेच परत पाठवलं. नकाशात त्याचा कॉर्निया खालच्या बाजूने शंकूसारखा फुगायला लागलेला दिसला. केराटोकोनस. त्याला स्वतःला पत्ता नव्हता, नुसता सिलिंडर नंबर, म्हणजे कॉर्नियाच्या असमान गोलाईचा नंबर, वाढत होता आणि ॲलर्जीमुळे डोळे चोळायची सवय होती. अशा डोळ्यावर लेझर केलं असतं तर कॉर्निया आणखी फुगला असता. त्याचं लेझर राहिलं, पण आजार वेळेत सापडला.

मग जाडी. हे गणित स्वतः करता येतं, म्हणून माझंच करून दाखवते. माझ्या कॉर्नियाची जाडी ४९८ मायक्रॉन. सर्वसाधारण ५४० च्या आसपास असते, म्हणजे मी पातळ. लॅसिक या प्रकारात कॉर्नियाचा वरचा थर उचलतात, तो फ्लॅप साधारण ११०. एक नंबर घालवायला सुमारे १४ मायक्रॉन घासावे लागतात, साडेसहा मिलिमीटरचा भाग धरला तर. माझा नंबर ४.७५ आणि वर सिलिंडर १.२५, असे ६. चौदा सक ८४. ४९८ मधून ११० आणि ८४ गेले, उरले ३०४. किमान २५० उरायलाच हवेत, बरेच डॉक्टर ३०० धरतात. बसलं! पण दुसरा हिशोबही असतो, एकूण जाडीतला किती हिस्सा हात लागून बदलला. माझा ३९ टक्के. ४० पासून धोका वाढतो असं धरतात. डॉक्टर म्हणाले, ‘करता येईल, पण काठावर आहात.’ त्यांनी काठावर हा शब्द वापरला यासाठी मी त्यांची आभारी आहे.

त्यानंतर खालच्या पापणीत टिपकागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटं डोळे मिटून बसवलं. पट्टी किती ओली होते ते बघतात, दहा मिलिमीटरच्या पुढे गेली तर ठीक. भावाची सतरा, माझी सहा. माझे डोळे कोरडे. दुपारी चौथ्या तासाला वह्या तपासताना खुपतात ते कशाने, हे त्या दिवशी कळलं.

शेवटी बाहुली मोठी करणारे ड्रॉप टाकून मागचा पडदा बघतात. हे टाळू देऊ नका. मायनस नंबरचा डोळा लांबट असतो, पडदा ताणलेला असतो, कडेला विरळ जागा किंवा भोकं असू शकतात. लेझर पुढची काच बदलतं, डोळ्याची लांबी तशीच राहते. नंबर शून्य झाला तरी पडद्याची काळजी आयुष्यभर मायनसवाल्याचीच. (त्या दिवशी गाडी चालवत जाऊ नका. आम्ही गेलो, आणि भर उन्हात कर्वे रोडवर दोघंही डोळे किलकिले करून रिक्षा शोधत होतो.)

कोणतं लेझर?

लॅसिकमध्ये कॉर्नियाचा वरचा थर पुस्तकाच्या पानासारखा उचलतात, खाली घासतात, पान परत बसवतात. दुसऱ्या दिवशी लख्ख दिसतं, दुखतही फारसं नाही. पण पान पूर्वीसारखं कधीच घट्ट चिकटत नाही, जोराचा मार बसला तर वर्षांनंतरही सरकू शकतं. शिवाय उचलताना कॉर्नियातल्या नसा कापल्या जातात, म्हणून कोरडेपणा.

पीआरकेत फ्लॅप नाहीच. वरची नाजूक साल काढतात, घासतात, वर पट्टीसारखी लेन्स ठेवतात, साल चार-पाच दिवसांत परत येते. भावाने हेच केलं, कारण कबड्डीत कोपर डोळ्यावर बसतंच. स्वस्तही हेच. मात्र ते तीन दिवस मी पाहिलेत. खिडक्यांना चादरी लावून तो अंधारात पडून होता, डोळ्यांतून धारा. कांदा चिरल्यासारखं होतं का विचारलं तर म्हणाला, ‘ताई, कांदा डोळ्यात ठेवून वर पापणी शिवल्यासारखं.’ पाचव्या दिवशी लेन्स काढली तेव्हा अक्षरांना सावली दिसत होती. लॅपटॉपवर नीट काम करायला दोन आठवडे गेले. स्टेरॉइडचे ड्रॉप पुढे काही महिने कमी करत नेले, आणि त्यांनी डोळ्याचा दाब वाढू शकतो म्हणून मधे मधे दाब मोजला. उन्हात गॉगल सक्तीचा, नाहीतर कॉर्नियावर धूसरपणा येऊ शकतो. ‘दुसऱ्या दिवशी ऑफिस’ ही जाहिरात लॅसिकची असते, पीआरकेची नव्हे.

स्माइलमध्ये आतल्या आत भिंगाच्या आकाराची चकती कापून दोन ते चार मिलिमीटरच्या छेदातून ओढून काढतात. फ्लॅप नाही, नसा कमी कापल्या जातात, सुरुवातीचा कोरडेपणा कमी. लॅसिकपेक्षा दृष्टी स्वच्छ व्हायला थोडे दिवस जास्त. नंबर थोडा उरला तर पुन्हा तेच करता येत नाही, बहुधा पीआरके करावं लागतं.

नंबर आठ-दहाच्या पुढे असेल किंवा कॉर्निया पातळ असेल तर आयसीएल, म्हणजे डोळ्यातल्या भिंगापुढे बसवायची जादा लेन्स. कॉर्निया घासत नाहीत आणि लेन्स काढताही येते. पण हे डोळ्याच्या आतलं ऑपरेशन, त्याची जोखीम त्या दर्जाची, आणि दरवर्षी तपासणी.

दोन ठिकाणी आम्हाला सांगितलेले दोन्ही डोळ्यांचे आकडे: पीआरके ४५ हजार, लेझरने फ्लॅप कापायचं लॅसिक ८५ ते ९०, स्माइल सव्वा लाख, आयसीएल पावणेदोन लाखांच्या पुढे. विम्याची आशा धरू नका. नंबर ७.५ पेक्षा कमी असेल तर चष्मा घालवायचा खर्च आरोग्य विम्याच्या ठरीव अपवादांतच मोडतो.

एका ठिकाणाहून तपासणीनंतर चार दिवसांत पाच फोन आले. ‘ऑफर रविवारपर्यंतच आहे, मॅडम.’ माझे डोळे रविवारनंतरही तेवढेच जाड राहणार होते. तिथे आम्ही परत गेलो नाही.

मी का थांबले

कोरडेपणा हे एक कारण. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने लॅसिकवर केलेल्या अभ्यासात आधी कोरडेपणा नसलेल्यांपैकी २८ टक्क्यांपर्यंत लोकांना तीन महिन्यांनी तो जाणवत होता, आणि आधी दिव्याभोवती वलयं न दिसणाऱ्यांपैकी ४० टक्क्यांपर्यंत लोकांना ती दिसू लागली होती. रोजची कामं अडतील इतका त्रास मात्र एक टक्क्याहून कमी लोकांना, आणि ९५ टक्क्यांहून जास्त लोक निकालावर खूश. हे दोन्ही आकडे एकत्रच वाचायचे. भावाला अजून रात्री चांदणी चौकात समोरच्या दिव्यांना पिसारा दिसतो. तो म्हणतो, चालतं.

दुसरं कारण चाळिशी. लेझरने लांबचं दिसतं. चाळिशीनंतर आतलं भिंग कडक होतं आणि जवळचं दिसेनासं होतं, त्याला लेझर काही करत नाही. पण माझ्यासारख्या मायनसवाल्याकडे एक फुकटची सोय असते. चष्मा काढला की जवळचं स्वच्छ. आईच्या गोळ्यांच्या पाकिटावरची मुदतीची तारीख, चंदेरी पत्र्यावर चंदेरीच ठसा, घरात फक्त मी वाचते. चष्मा डोक्यावर सरकवायचा, पाकीट नाकाशी धरायचं, झालं. रात्री पडल्या पडल्या पुस्तक वाचते तेही चष्म्याविना. लेझर केलं असतं तर दोन-तीन वर्षांत याच कामासाठी नवा चष्मा घेतला असता. पंचविशीत केलं असतं तर पंधरा वर्षं मजेत गेली असती. तेव्हा पैसे नव्हते, ते असो.

भरतीची तयारी करणाऱ्यांनी मात्र ऑपरेशनआधी त्या पदाची वैद्यकीय अट वाचावी. सैन्याच्या काही प्रवेशांना लेझर केलेला डोळा चालत नाही, काहींना ठरावीक वय आणि मधला काळ लागतो. गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना नंबर हलतो, तेव्हा नकोच.

आणि कागद. डॉक्टरांनी भावाला बजावलं, ‘ऑपरेशनच्या आधीची मापं जपून ठेवा.’ साठीला मोतीबिंदू झाला की आत बसवायच्या भिंगाचा नंबर कॉर्नियाच्या गोलाईवरून काढतात. घासलेल्या कॉर्नियावर नेहमीचं सूत्र चुकतं, जुनी मापं असली तर मदत होते. त्याने फोनमध्ये फोटो काढून ठेवला. आईने तो कागद ताब्यात घेतला, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला आणि गोदरेजच्या कपाटात, घरपट्टीच्या पावत्यांखाली ठेवून दिला. वर मला पेनाने लिहायला लावलं: ‘डोळे, २०५५ नंतर लागेल.’